टाचेपासून सुटलेली सावली

रविवारी सकाळपासून माझी नात आम्रपाली एका जागी ठरत नव्हती. लॅपटॉपसमोर दोन मिनिटं, मग गॅलरीत, मग पुन्हा आत. तिच्या येरझारांनी माझाही जीव वरखाली होत होता.

तिचं काम मी माझ्यापुरतं समजून घेतलं होतं. व्हिडिओ गेममध्ये जे दिसतं, ते पडद्यावर रंगवणारं एक इंजिन असतं. हे इंजिन फुकट आणि सगळ्यांना उघडं. जगातल्या कुणीही त्याच्या आत बघावं, दुरुस्त करावं, नवं जोडावं. पिंपळे गुरवच्या आमच्या दोन खोल्यांत बसून तिने तीन महिने त्यातला सावल्या पाडायचा भाग लिहिला होता. इंजिन सांभाळणाऱ्यांना तो पसंतही पडला होता. आता संध्याकाळी सहाच्या आत तिने ‘तपासलं, ठीक आहे’ एवढं कळवायचं होतं. नाहीतर पुढची आवृत्ती थेट दिवाळीनंतर.

“बघ ना आजी.” तिने पडदा माझ्याकडे वळवला. एक माणूस अंगणात चालत होता.

मी मान तिरकी केली. चिंचवडच्या कारखान्यात मी एकवीस वर्षं तपासणीला होते. गाडीच्या दाराचा पत्रा आम्ही समोरून बघत नसू, ट्यूबलाइटखाली तिरका धरायचो. उजेडाची रेघ सरळ गेली तर पास, मोडली तर तिथे पोचा. बोटाला न लागणारा पोचाही दिसायचा.

“याचा पाय जमिनीला लागत नाही.”

“लागतोय गं.”

“मग सावली टाचेपासून सुटलीय कशी? केसभर. तरंगतोय तो.”

“केसभर कोण बघतंय? खेळणारी पोरं गोळ्या घालतात, टाचा मोजत नाहीत.”

मी स्वयंपाकघरात गेले. भांडी घासलेलीच होती, ती परत घासली. मग बाहेर येऊन, आजवर कुणाला सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं. एकदा शिफ्ट सुटताना बसचा हॉर्न वाजला. हातातल्या दारावरची रेघ मोडलेली दिसत होती, तरी मी पासचा शिक्का मारला. तो माल परत आला. आमच्या टेबलावर दोन शिफ्टना मिळून एकच शिक्का असायचा. मेमो दुसऱ्या शिफ्टच्या विमलबाईला मिळाला. तिला तपासणीवरून काढून झाडलोटीला लावलं. मी गप्प बसले.

“हे आत्ता का सांगतेस?”

“तू शिक्का मारायला निघालीस म्हणून.”

लॅपटॉप ओढून तिने दुरुस्ती सुरू केली. पण सावली टाचेशी आणली की भिंतीवर काळे पट्टे उमटत, पट्टे घालवले की सावली पुन्हा सुटे. साडेपाच वाजले. पावणेसहा.

मग तिने टाइप केलं आणि मला वाचून दाखवलं, “माझ्या कामात चूक आहे. या आवृत्तीत घेऊ नका.”

“हे सगळ्यांना दिसणार? तुझ्या नावासकट?”

“हो.”

“नंतर पुसता येईल?”

“पुसलं तर पुसलेलंही दिसतं.”

तिने बटण दाबलं. थोड्या वेळाने कुणाचं तरी उत्तर आलं : बरं झालं सांगितलंत, दिवाळीनंतर बघू. तिने ते दोनदा वाचलं, लॅपटॉप मिटला आणि गॅलरीच्या दारात पाठमोरी उभी राहिली.

“रागावलीस?”

“हो.”

“माझ्यावर?”

“ठरवतेय अजून. तू चहा टाक.”