सातारी मिरचीचं अर्धं वाक्य

झाशीच्या मराठी मंडळात गणपतीतली प्रश्नमंजुषा रंगात आली होती आणि भावना खुर्चीत एकसारखी चुळबुळत होती. विषय होता ‘डायल-अपचे दिवस’. मोडेमचा आवाज काढून दाखवा म्हटल्यावर अर्धं सभागृह कुंई-खर्र करून हसलं. भावनाला हसू येईना.

“चॅटवर अनोळखी माणूस पहिल्यांदा काय विचारायचा?” सूत्रसंचालकानं पुढचा प्रश्न टाकला.

“एएसएल! वय, मुलगा की मुलगी आणि गाव,” पहिल्या रांगेतली मुग्धा ओरडली. फौजी अधिकाऱ्याची ही बायको नुकतीच झाशीजवळच्या बबीना छावणीत राहायला आली होती. माहेर सातारा, असं तिनं ओळख करून देताना सांगितलं आणि तेव्हापासूनच भावनाचा जीव थाऱ्यावर नव्हता.

कॉलेजात असताना भावनाला चॅटवर एक मैत्रीण मिळाली होती. साताऱ्याची. नाव घेतलं होतं ‘सातारी मिरची’, खरं नाव कधी कळलं नाही. घराबाहेर भावनाशी मराठीत बोलणारी तेवढी एकच. एका संध्याकाळी तिनं लिहिलं, “ऐक, घरी कुणाला सांगितलं नाही, पण मी” आणि नेमका तेव्हाच बाबांनी गॅसवाल्याला फोन लावायला रिसीव्हर उचलला. लाइन तुटली. पुन्हा जोडेपर्यंत मिरची निघून गेली होती. ती परत कधीच दिसली नाही.

प्रसादाच्या वेळी भावनानं मुग्धाला गाठलंच. “मुग्धाजी, चॅटवर तुम्ही सातारी मिरची होतात का?”

“नाही हो ताई! मी तेव्हा चौथीत. दादा बसायचा, मी मागून डोकावायचे.”

भावनाचा चेहरा पडला. मुग्धानं खोदून विचारलं तेव्हा तिनं सगळं सांगितलं. “बस, इतना ही जानना था. त्या ‘पण मी’च्या पुढे काय?”

मुग्धा हसली नाही. “पळून जाणार असेल.”

“की नापास झाली असेल?”

“नोकरी लागली असेल लांब कुठे.”

दोघी तर्क करत राहिल्या, हातातले मोदक तसेच राहिले. बाहेर मुग्धाच्या गाडीचा हॉर्न वाजला.

“ताई, रविवारी घरी या ना. तिथे बोलायला कुणी नाही मला.”

“येते,” भावना म्हणाली आणि तिचा नंबर घेतला.

स्कूटीवरून परतताना ते वाक्य तिला कुरतडतच होतं. सदर बाजारात तिनं गाडी कडेला घेतली, फोन काढला आणि मुग्धाला विचारलं, “रविवारी सकाळीच आले तर चालेल?”