एकतिसाव्या पानावरचं टिंब

फिरत्या वाचनालयाच्या गाडीत म्युरिएलने पुस्तकाचं एकतिसावं पान उघडलं. आकड्याखाली पेन्सिलीचं टिंब होतं. तिने पुस्तक परत फळीवर ठेवलं.

"तुमची फुली नाहीये त्यावर," गाडी चालवणारा आणि पुस्तकं देणारा कॉलिन म्हणाला.

"टिंब आहे ना. विनीचं झालंय."

म्युरिएलच्या बहिणीला, विनीला, हिवाळ्यातच पुरलं होतं. वाचलेलं पुस्तक पुन्हा घरी येऊ नये म्हणून गावातले म्हातारे वाचक आपल्या ठरलेल्या पानावर आपापली खूण करत, आणि कॉलिन कानाडोळा करी.

दोघी बहिणींना एकाच जातीच्या कादंबऱ्या लागत. नवऱ्याने सोडलेली बाई समुद्रकाठी येते, पुस्तकांचं बंद पडलेलं दुकान उघडते, आणि शेजारचा पाववाला तिच्या प्रेमात पडतो.

"हिचं छप्पर कधीच कसं गळत नाही गं?" विनी विचारायची.

"वाच गप."

पन्नाशीत दोघी खरंच बंदरावरचं एक रिकामं दुकान बघून आल्या होत्या. काचेला नाक लावून आत पाहिलं, बाकावर बसून तळलेले मासे खाल्ले आणि बसने परतल्या. दुसऱ्या दिवशी शाळेच्या स्वयंपाकघरात नेहमीसारखे बटाटे सोलले. तो विषय पुन्हा निघाला नाही.

विनीची नजर गेल्यावर म्युरिएल तिला वाचून दाखवू लागली. एकदा खूण बघायची राहिली आणि वाचता वाचता टिंब समोर आलं.

"अगं, हे तुझं झालंय. बोलली का नाहीस?"

"वाच तू. या खेपेला तिला दुकान मिळतंय का बघू."

"मिळतंच की गं."

"म्हणून तर."

ते पुस्तक संपायच्या आत विनी गेली. तेव्हापासून म्युरिएल पुस्तकं नेई आणि न वाचता परत आणी. एकटीने वाचायचं म्हणजे विनीला मागे टाकून त्या समुद्रकाठच्या गावी राहायला गेल्यासारखं वाटे, आणि ते तिला सोसत नसे.

"हे कोरं आहे. अजून कुणी उघडलेलं नाही," कॉलिनने आता फळीवरचं दुसरं एक पुस्तक पुढे केलं.

घरी तिने विनीच्या खुर्चीसमोर बसून ते मोठ्याने वाचायला घेतलं. पहिल्या पानाला आवाज फुटेना. मग फुटला.

पुढच्या मंगळवारी कॉलिनने परत आलेलं पुस्तक चाळलं. एकतिसाव्या पानावर बारीक फुली होती, आणि शेजारी टिंब.

"दोघींचं झालं," म्युरिएल म्हणाली. "पुन्हा देऊ नकोस."