तिसऱ्या ओढीला

मी सांडोरचा दिनानाथ. माझ्याकडे केळीची वाडी आहे, थोडी भाजी आहे आणि तोंड आहे. तोंडाच्या बाबतीत मला गावात जोड नाही, असं माझी बायको मनोरमा म्हणते. कौतुकाने म्हणत नाही.

आमच्या घराण्यात हृदयाचा ठोकाच मंद. वडील त्यातच गेले. मला सत्त्याण्णव साली पेसमेकर बसला आणि वर्षभराने धाकट्या बहिणीला, प्रेमलतेला. गळ्याच्या हाडाखाली काड्यापेटीएवढं यंत्र आणि त्यातून शिरेवाटे थेट हृदयात गेलेली वायर. सहा वर्षांनी माझ्या यंत्राच्या जागी पू झाला. पू झाला की यंत्र तर जातंच, वायरही ओढून काढावी लागते, नाहीतर विष रक्तात उतरतं. मुंबईच्या डॉक्टरांनी माझी काढली. मी अर्धवट जागा होतो. वायर तिसऱ्या ओढीला सुटली आणि पंधरा दिवसांत दुसऱ्या बाजूला नवं यंत्र घालून मी घरी परतलो.

मग काय विचारता! न्हाव्याकडे, बँकेच्या रांगेत, शेजारच्या आलोशियसच्या मुलीच्या लग्नात जेवणाच्या टेबलावर, जिथे बसेन तिथे माझी वायर निघायची. केळीच्या बुंध्याशी आलेला कोंब उपटावा तशी निघाली म्हणायचो. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. एक ओढ, दोन ओढी, तिसरीला फट्! मनोरमा तिथून उठून जायची.

पुढल्या वर्षी गणपतीच्या सुमारास प्रेमाचा नंबर लागला. तिला जवळच्या गास गावात दिलेली. दारी मोगऱ्याची बाग, सकाळी दोन्ही हातांनी कळ्या खुडायच्या आणि टोपली भरायची. ब्लाउजची कड घासून घासून यंत्रावरची कातडी पातळ झाली, फुटली आणि बाईसाहेब तीन आठवडे त्यावर पदर ओढून फिरल्या. कळलं तेव्हा मी तिच्या दारात उभा राहून ओरडलो. तिचा नवरा श्रीपत गरीब माणूस. तो एवढंच म्हणाला की दादा म्हणतील तसं करू.

प्रेमा घाबरली होती. मी तिला माझी गोष्ट शंभराव्यांदा सांगितली, ओढींसकट. ती हसली. मीही खूश झालो.

तिला माझ्याच इस्पितळात ॲडमिट करून आठवडा होत आला तेव्हा डॉक्टरांनी मला एकट्याला खोलीत बोलावलं. म्हणाले, तुमचं सोपं गेलं म्हणून तिचंही तसंच जाईल असं धरू नका. बायकांच्या शिरा बारीक आणि नाजूक असतात. वायर शिरेला चिकटून बसते आणि ओढताना फाटण्याचा धोका बायकांना पुरुषांपेक्षा जास्त. फार जणींना होत नाही, पण झालं तर छाती लगेच उघडावी लागते. आमच्याकडे सर्जन बोलावल्यावर अर्ध्या तासाने पोचतो. दुसऱ्या मोठ्या इस्पितळात तो शेजारीच उभा असतो, पण तिथली तारीख तीन आठवड्यांनी मिळेल. तोवर औषधांवर थांबता येईल. बहिणीशी बोला आणि मला उद्या कळवा.

मी बाहेर आलो. प्रेमा खाटेवर बसून मी वाडीतून आणलेलं केळं सोलत होती. तिने विचारलं, डॉक्टर काय म्हणाले.

"काही नाही," मी म्हणालो. "सोमवारी काढू म्हणाले."

का म्हणालो? ती घाबरेल म्हणून, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगितलं. खोटं आहे ते. वर्षभर मी शूर म्हणून मिरवत होतो आणि डॉक्टरांनी दोन वाक्यांत सांगितलं होतं की त्यात शौर्य नव्हतं, मी पुरुष होतो आणि माझं नशीब बरं होतं. ते मला गिळवेना. पुढच्यास ठेच लागली तर मागचा शहाणा होतो म्हणतात. मला ठेचच लागली नव्हती आणि मागून येणारीला मी डोळे झाकून चालायला लावलं.

सोमवारी सकाळी अकराला तिला आत नेलं. साडेअकराला एक नर्स धावत बाहेर आली आणि फोनकडे गेली. मला तेव्हाच कळलं. हृदयाजवळ शीर फाटली होती, हृदयाभोवती रक्त साठत होतं. डॉक्टर सुईने रक्त ओढत राहिले आणि आम्ही सर्जनची वाट बघत राहिलो. समोर भिंतीवर घड्याळ होतं. श्रीपतने माझा हात धरला होता. म्हणाला, दादा, तुम्ही आहात म्हणून मला धीर आहे. त्या अर्ध्या तासात मी देवाकडे प्रेमाचा जीव मागितला आणि त्याच दमात हेही मागितलं की हे कुणाला कळू नये. दोन्ही एकत्र मागितलं. माझी मला किळस आली.

जीव वाचला. छाती उभी चिरली आणि मेंदूला रक्त कमी पडल्याने डावा हात लुळा झाला. रक्ताच्या बाटल्या भरायला मी गावातली बारा पोरं उभी केली, तर सगळे म्हणाले, भाऊ असावा तर असा. वायरची गोष्ट मी पुन्हा कुठे सांगितली नाही. लोकांना वाटलं बहिणीच्या काळजीने गप्प झालाय.

भाऊबीजेला गासला गेलो ते ठरवूनच, की आज सांगायचं. बागेत मोगरा खुडायला आता बाई लावली होती. पाट मांडलेला होता. प्रेमाने उजव्या हातात ताम्हन घेतलं, डावा हात आधाराला उठेना, म्हणून श्रीपतने खालून आपला हात लावला. निरांजनाची वात हलत होती.

"प्रेमा, थांब," मी म्हणालो. "डॉक्टरांनी मला आधी सांगितलं होतं. तुला धोका जास्त आहे, दुसरीकडे नेता येईल म्हणाले होते. मी तुला सांगितलं नाही."

तिने ताम्हन खाली केलं नाही.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "रविवारी तू चहाला गेलास, तेव्हा ते माझ्याकडे आले होते. सगळं सांगितलं. भावाने समजावलं ना, असं विचारलं. मी हो म्हटलं."

मग तू नको का म्हणाली नाहीस, असं मी विचारलं.

"साऱ्या गावाला सांगून बसला होतास, दादा. मी माघार घेतली असती तर तुझं तोंड एवढंसं झालं असतं. लहानपणापासून मला ते बघवत नाही."

श्रीपत हे पहिल्यांदाच ऐकत होता. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग ताम्हनाखालचा हात काढून घेतला आणि बाहेर ओटीवर जाऊन बसला.

ताम्हन एका बाजूला कलायला लागलं. सुपारी घरंगळली. मी पाटावरूनच पुढे झुकून ते दोन्ही हातांनी धरलं.

"नीट धर," प्रेमा म्हणाली. "अजून ओवाळायचंय."

मी नीट धरलं. माझ्याच हातांनी पेललेल्या ताम्हनाने माझी बहीण मला ओवाळत राहिली.