डॉली प्यूमाच्या पोटातला मी

मी जंत बोलतोय. बोलतोय म्हणा, बोलतेय म्हणा. आमच्यात नर आणि मादी एकाच अंगात नांदतात, त्यामुळे भांडणाचा प्रश्न येत नाही. पुस्तकात मला पट्टकृमी म्हणतात, इथे टेक्सासमध्ये टेपवर्म. मला डोळे नाहीत, कान नाहीत, तोंडसुद्धा नाही. मग हे सगळं तू ऐकलंस कसं, असं विचाराल. शाळेच्या वहीत फाटकी छत्री बोलते, मोडकी खुर्ची रडते, तेव्हा कुणी विचारत नाही. मलाच का विचारता?

शुगर लँडमधल्या एका कालव्याकाठच्या गवतात मी अंडं म्हणून पडलो होतो. कायोटी नावाचा इकडचा जंगली कुत्रा मला तिथे सोडून गेला होता. ते गवत एका सशाने खाल्लं आणि मी त्याच्या पोटात जाऊन बसलो. मटारएवढ्या पाण्याच्या पिशवीत, हातपाय आखडून. हातपाय मला नाहीत, पण बसलो तसाच. आमच्या जातीला एका आयुष्यात दोन घरं लागतात. पहिल्या घरात फक्त वाट पाहायची. कुणीतरी मांसाहारी येईल, सशाला खाईल, मग आपलं खरं आयुष्य सुरू होईल. बहुतेकांचं आयुष्य त्या वाट पाहण्यातच संपतं.

माझं नशीब थोर. माझा ससा डॉ. मोरेश्वर खांबेटे यांच्या परसातली मेथी खायचा.

खांबेटेकाका पोटाचे डॉक्टर. पस्तीस वर्षं त्यांनी ह्यूस्टनमधल्या लोकांच्या आतड्यांत नळ्या घालून पाहिलं होतं. निवृत्त झाल्यावर ते गावातल्या छोट्या प्राणिसंग्रहालयात व्हॉलंटिअर झाले. हिरवं जाकीट, गळ्यात नावाचा बिल्ला. आठवड्यातून तीन दिवस प्यूमाच्या, म्हणजे इकडच्या बिनपट्ट्यांच्या डोंगरी वाघाच्या, पिंजऱ्यासमोर उभं राहून ते लोकांना माहिती सांगत. घरी त्यांना कुणी काही विचारत नसे. दोन्ही मुलं नोकरीसाठी दूर रेडमंडला, सुचित्राकाकूंचा दिवस फोनवर. बिल्ला घातला की मात्र अनोळखी माणसंही त्यांना 'डॉक्टर' म्हणत.

प्यूमाचं नाव डॉली. चौदा वर्षांची, म्हणजे प्यूमाच्या हिशेबाने आजीच. मे महिन्यात डॉलीने खाणं टाकलं. समोर मांसाचा गोळा यायचा, ती वास घ्यायची आणि तोंड फिरवायची. काकांचा जीव तुटायचा.

त्याच आठवड्यात त्यांनी मेथी वाचवायला परसात जाळीचा सापळा लावला. ससा पकडायचा आणि दूर नेऊन सोडायचा, असा बेत. काका पक्के शाकाहारी, मुंगीलाही बाजूला सारून चालणारे. पण ते दुपारी झोपले, ऊन शंभर फॅरेनहाइटच्या वर गेलं आणि ससा सापळ्यातच मेला. काका हळहळले. मग त्यांच्या मनात आलं, निदान हे मरण डॉलीच्या उपयोगी पडू दे.

इथे माझा जीव दोन पुरणपोळ्यांवर वाचला. प्राणिसंग्रहालयात मांस आधी कित्येक दिवस गोठवतात, ते आमच्यासारख्यांना मारण्यासाठीच. काकांना ते ठाऊक होतं. लोकांना ते रोज हेच सांगत. पण घरच्या फ्रीझरमध्ये काकूंनी मुलांसाठी करून ठेवलेल्या पुरणपोळ्या होत्या. तिथे ससा ठेवायची काकांची छाती झाली नाही. पिशवी गॅरेजमधल्या बर्फाच्या डब्यात राहिली. मला थोडी थंडी वाजली, इतकंच.

सकाळी मागच्या बोळात कुणी नव्हतं. काकांनी मांस सरकवायच्या खिडकीतून ससा आत ढकलला. डॉलीने वास घेतला आणि सगळा फस्त केला. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तोवर माझ्या दुसऱ्या घरी पोचलो होतो.

तिथले दिवस सुखाचे गेले. डोक्याच्या आकड्यांनी आतड्याला धरून राहायचं आणि वाढायचं. तोंड नसल्यामुळे चावण्याचे कष्ट नाहीत. डॉली जे थोडंफार गिळायची, ते आयतं माझ्या अंगाला लागायचं. मागून माझ्या पट्टीचे तुकडे सुटत आणि बाहेर पडत, तांदळाच्या दाण्यांएवढे, वळवळणारे. बाहेर काका लोकांना सांगत असत, "परजीवी फार कृतघ्न जमात. ज्याच्या घरी राहायचं, त्याचंच खायचं." लोक मान डोलवत. डॉलीसुद्धा ऐकायची, तिच्याबरोबर मीही.

जुलैमध्ये पिंजरा साफ करताना रोझाला ते दाणे दिसले. रोझा ही डॉलीची राखणदार, अकरा वर्षं तिच्या दिमतीला. तिने ते बाटलीत घालून अहिल्याकडे दिले. अहिल्या तिथली पशुवैद्य. मूळची नागपूरची, इथे कामाच्या व्हिसावर. दर दिवाळीला खांबेट्यांकडे तिचं जेवण ठरलेलं.

मग चौकशी सुरू झाली. गोठवलेल्या मांसातून जंत येत नाही, म्हणजे ताजं काहीतरी आत गेलंच. रोझाने कबूल केलं, की मे महिन्यात तिला पिंजऱ्यात सशाचे केस दिसले होते. कुंपणाखालून आला असेल समजून तिने ते झाडून टाकले. वहीत नोंद केली नाही. एवढं पुरे होतं. डॉली वाळत चालली होती आणि वरच्यांना दोष द्यायला कुणीतरी हवं होतं. चौकशी पूर्ण होईपर्यंत रोझाने कामावर येऊ नये, असं ठरलं. अहिल्यालाही विचारणा झाली: जंतांची तपासणी वेळेवर का झाली नाही? नोकरी गेली तर तिचा व्हिसाही जाणार होता.

काकांना हे सगळं पहिल्याच दिवशी कळलं. ते तीन दिवस गप्प राहिले. बिल्ला घालून यायचे, डॉलीसमोर उभे राहायचे. कुणी विचारलं, की ही एवढी बारीक का झाली, तर म्हणायचे, "वय झालं."

चौथ्या दिवशी रोझा आपलं सामान न्यायला आली. मागच्या बोळात, डॉलीच्या जाळीला टेकून ती उभी होती. अहिल्या तिच्याशी बोलत होती. तेवढ्यात काका आले आणि अहिल्याला मराठीत म्हणाले, "अहिल्या, तो ससा मी घातला होता."

अहिल्या गर्रकन वळली. "काका, काय बोलताय?"

"माझ्या घरचा. सापळ्यात मेला होता. डॉली काही खात नव्हती गं. मला वाटलं..."

"तुम्ही डॉक्टर आहात ना काका?"

"म्हणूनच तर लाज वाटते. तीन दिवस झोप नाही." काकांनी जाळीला धरलं. "तू रिपोर्टमध्ये कुंपणाखालून आला असं लिही. तुझं-माझं दोघांचंही निभावून जाईल. रोझाला दुसरीकडे नोकरी मिळेल, मी ओळखीत शब्द टाकतो."

रोझा दोघांच्या तोंडाकडे पाहत होती. तिला एक अक्षर कळत नव्हतं, पण आपलं नाव ऐकू आलं होतं.

अहिल्या म्हणाली, "काका, तुम्ही मला पोरीसारखं वागवलंत. पण हे मराठीत नका सांगू. इंग्लिशमध्ये सांगा. तिला कळेल असं."

पस्तीस वर्षं इंग्रजीत वाईट बातम्या दिलेल्या माणसाला ते एक वाक्य जुळवायला फार वेळ लागला. काकांनी आधी गळ्यातला बिल्ला काढून हातात घेतला. मग म्हणाले, "रोझा, तो ससा मी टाकला. तुझा काही दोष नाही."

रोझाने शिवी दिली नाही. ती फक्त म्हणाली, "तीन दिवस माझी आई विचारतेय, तू काय केलंस म्हणून." आणि तिने सामानाचा खोका पुन्हा खाली ठेवला.

अहिल्याने रिपोर्टमध्ये सगळं जसंच्या तसं लिहिलं, स्वतःची राहून गेलेली तपासणीसुद्धा. तिला लेखी ताकीद मिळाली, नोकरी राहिली. रोझा कामावर परतली. काकांना यापुढे व्हॉलंटिअर म्हणून येऊ नये असं पत्र गेलं.

राहिलो मी. डॉलीला भूल देऊन पूर्ण तपासायचं ठरलं आणि आदल्या दिवशी माझ्यासाठी तिला औषध दिलं गेलं. पकड सुटली आणि मी डोक्यासकट बाहेर आलो. दुसऱ्या दिवशी डॉलीचं तोंड उघडल्यावर अहिल्याला मागची एक दाढ मुळापर्यंत सडलेली दिसली. गार, घट्ट गोळा चावताना तिला असह्य कळ येत असणार. मऊ ससा तेवढा तिने गिळला. ती वाळली ती दाढेमुळे. माझ्यासारख्या एखाद्या जंताला धडधाकट प्यूमा जराही जुमानत नाही. पण माझं निमित्त झालं नसतं, तर त्या दाढेकडे कुणी पाहिलंच नसतं. दाढ काढली आणि डॉली पोटभर जेवू लागली. सगळ्यांनी अहिल्याचं अभिनंदन केलं. माझे आभार कुणी मानले नाहीत. माझी तशी अपेक्षाही नव्हती.

आता मी दवाखान्यातल्या फळीवर, काचेच्या बाटलीत असतो. रंग उडाला आहे, लांबी टिकून आहे. सहलीला आलेली मुलं मला बघून "ग्रोस!", म्हणजे 'शी, किळसवाणं!', म्हणून ओरडतात आणि लगेच फोटो काढतात. खांबेटेकाका हल्ली तिकीट काढून येतात. जाकीट नाही, बिल्ला नाही. रोझा त्यांच्याशी हवापाण्याचं बोलते, त्याहून जास्त काही नाही. ते डॉलीसमोरच्या बाकावर बसून ती जेवताना बघतात आणि कुणी काही विचारलं, की माहितीच्या फलकाकडे बोट दाखवतात.

वाचकहो, माझी वेळ संपली. मला किळसवाणा म्हणा, फुकट्या म्हणा, माझी ना नाही. एक विनंती मात्र आहे. कुणावर माया दाटून आली आणि त्याला काही खाऊ घालावंसं वाटलं, तर आधी त्याच्या राखणदाराला विचारा. मी कुणाच्या पोटात जबरदस्तीने शिरलो नव्हतो. मला मोठ्या प्रेमाने भरवण्यात आलं होतं.