आईच्या खांद्याचं माप

लंबू मिस्त्रीने आईच्या दोन्ही खांद्यांवर पोलादी पट्टी आडवी धरली, एक डोळा मिटला आणि सीटमागच्या खांबावर खडूने रेघ ओढली.

"हलू नकोस."

"हलतेय कुठे? माप कोटाचं घेतोयस ना? बाह्या जरा सैल ठेव."

"पट्ट्याचं घेतोय, आई."

आई ड्रायव्हरशेजारच्या सीटमध्ये बसली होती. त्या सीटच्या कडा इतक्या उंच की तिची फक्त मान, चष्मा आणि उत्साह बाहेर दिसत होता. गाडीच्या आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा होता. खडूच्या रेघेवर एक आडवी नळी, या दारापासून त्या दारापर्यंत, वेल्डिंग करून बसायची होती आणि खांद्यावरचे पट्टे तिला गुंडाळायचे होते.

"आणि तुमच्या खांद्याचं माप?" मिस्त्रीची बायको दारातून म्हणाली. "तुम्ही बसलात तरी टपाला टेकता."

यात अतिशयोक्ती फारशी नव्हती. मिस्त्री इतका उंच होता की वर्कशॉपच्या छतावरची कबुतरं त्याला ओळखीचा समजून सरकून जागा देत.

"माझा पट्टा वेगळा आहे," तो म्हणाला. "तो मागे गाडीच्या जमिनीला बांधलाय. त्याचं या नळीशी देणंघेणं नाही."

आईने चष्म्यावरून एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा शहाण्यासारखी सरळ बसली.

वर्कशॉपच्या मागच्या भिंतीपलीकडे शर्यतीचा ट्रॅक होता. आठवडाभर कचेरीत जाणाऱ्या गाड्या सुट्टीला तिथे येऊन गुरगुरत आणि त्यांचे पट्टे, सीटा, पिंजरे मिस्त्री बसवून देई. उद्यापासून ट्रॅक बंद होणार होता. तिथे गोदामं उभी राहणार होती. आज संध्याकाळी मनोऱ्यावरचा झेंडा खाली आला की संपलं. इतकी वर्षं भिंतीला कान लावून बसलेल्या आईने एकच मागणं मागितलं होतं. एक फेरी. लेकाच्या शेजारी बसून.

नाही म्हणायची मिस्त्रीची छाती झाली नाही. हो म्हणायचीही झाली नाही. रात्रभर कूस बदलून त्याला पहाटे युक्ती सुचली. काम अगदी नियमाने करायचं, एकही कसर ठेवायची नाही, आणि इतकं सावकाश करायचं की झेंडा आपोआप खाली यावा. खोटं बोलल्याचं पापही नाही.

त्याने नळी जोडली, थंड होऊ दिली, घासली, पुन्हा घासली. गाडीखाली झोपून कमरेच्या पट्ट्यांसाठी भोकं पाडली. वरून बोल्ट, खालून जाड पोलादी तुकडा.

"तो तुकडा कशाला?" आई गाडीखाली डोकावली.

"जमिनीचा पत्रा पातळ असतो. नुसता बोल्ट झटक्याने पत्रा फाडून वर येतो. मग तू एकीकडे आणि गाडी एकीकडे." आई घाबरेल तर बरं, म्हणून त्याने आवाज आणखी खोल नेला. "कमरेचा पट्टा पोटावर आला तर आतडी गेली. हाडांवरच बसला पाहिजे. मांड्यांमधला पट्टा नसेल तर माणूस खालून घसरत बाहेर. आणि खांद्याचे पट्टे खांद्यापासून मागे सरळ गेले पाहिजेत. फार तर किंचित खाली, बस्स."

"जास्त खाली गेले तर?"

"तर धडक बसल्यावर ते खांदे खाली दाबतात. पाठीचा कणा म्हणजे बिस्किटांचा पुडा होतो. भुगा!"

"अगं बाई!" आई म्हणाली. तिचे डोळे चकाकत होते. "सांग, अजून सांग."

घाबरवायला निघालेला मिस्त्री घोट घोट पाणी पीत बसला.

"अहो, गोगलगायीलासुद्धा घाम फुटेल," बायको कुजबुजली. "चौथ्यांदा तोच बोल्ट आवळताय."

"सुरक्षेचं काम आहे."

"सुरक्षा कोणाची, ते कळतंय मला."

दुपार कलल्यावर त्याला नाइलाजाने पट्टे ओवायला घ्यावे लागले. नवे कोरे, लालभडक. पट्टा कडीतून नेऊन टोक परत उलटं आत घालायचं असतं, नाहीतर ताण आला की ते सरकत सरकत सुटतं. हे समजावून सांगायला त्याने घसा खाकरला, तर आईच्या बोटांनी दुसऱ्या बाजूचं टोक केव्हाच उलटं आत घातलं होतं.

"हे तुला कोणी सांगितलं?"

"परकराची नाडी काय उगीच टिकते?"

मिस्त्री हसला. आई कुठल्याही प्रश्नाला असंच काहीतरी ठोकून देई. तो लहान असताना ती झोपताना एका मुलीची गोष्ट सांगायची. मुलगी मोटारीच्या कारखान्यात नव्या गाड्या पळवून बघायची. इतकी जोरात पळवायची की तिने वाजवलेला हॉर्न गाडीबरोबर राहूच शकायचा नाही, तो मागून धापा टाकत यायचा. कोण ती मुलगी, असं विचारलं की आई म्हणायची, झोप. आईने लग्नाआधी कारखान्यात नोकरी केली, एवढं घरात ठाऊक होतं. कॅन्टीनमध्ये असणार, हे सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

पट्टे आवळून झाले. आई सीटमध्ये लाल पट्ट्यांनी करकचून बांधलेल्या भेटवस्तूसारखी दिसत होती. मिस्त्रीकडे आता एकही निमित्त उरलं नाही. त्याने हात पुसले, खिडकीतून मनोऱ्याकडे पाहिलं. झेंडा अजून फडफडत होता, मेला. तो ड्रायव्हरच्या सीटवर चढून बसला आणि त्याने आपले जुने पट्टे खांद्यावर ओढले.

आईने मान वळवली. त्याच्या खांद्यावरून मागे बघत बघत तिची नजर खाली गेली, खाली गेली, थेट जमिनीच्या बोल्टपर्यंत.

"लंबू."

"काय?"

"हा बिस्किटांचा पुडा कोणाचा?"

बायको पुढे आली, वाकली, तिने त्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला. कडा विसविशीत झाल्या होत्या, रंग चहासारखा विटला होता.

"दुनियेचे पट्टे बसवता आणि स्वतः हा?" ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता, म्हणून मिस्त्री जास्त दचकला.

"चालतंय की. इतकी वर्षं चाललं."

"खाली उतर," आई म्हणाली. "यात बसून तू कुठेही जाणार नाहीस."

"पण पट्ट्यांचा नवा जोड एकच आहे, आई."

"मग तो त्या सीटला लाव."

मिस्त्रीच्या डोक्यात दिवा पेटला. जोड एक, सीट एक, माणूस एक! आईची फेरी आपसूक रद्द, आणि तीही तिच्याच तोंडून. त्या माणसाचे हात जे चालायला लागले, सकाळपासूनची गोगलगाय कुठल्या कुठे पळाली. खालच्या बोल्टांच्या जागा त्या बाजूला आधीपासून भक्कम होत्या, आडवी नळी तर इकडून तिकडे होतीच. शीळ घालत त्याने लाल पट्टे सोडले, आईला उतरवलं, पट्टे तिकडे नेले, गुंडाळले, टोकं उलटी ओवली. मग ऐटीत आत बसला.

"थांब." आईने पोलादी पट्टी उचलली आणि त्याच्या खांद्यावर आडवी धरली. एक डोळा मिटला. "नळी वीतभर खाली आहे."

मिस्त्रीची शीळ थांबली.

"सरळ मागे, फार तर किंचित खाली," आई म्हणाली. "कोण म्हणालं होतं, गं?"

"हेच म्हणाले होते," बायको म्हणाली.

"नळी कापून वर घेतो."

"कापून, जोडून, थंड करून? तोवर झेंडा घडी होऊन कपाटात जाईल."

"मग काय," मिस्त्रीने आवाजात जमेल तितकं दुःख आणलं, "आज कोणालाच जाता येणार नाही."

"का बरं?" आई म्हणाली. "नळीला माप कोणाच्या खांद्याचं आहे?"

मिस्त्री मोठ्याने हसला. आपण एकटेच हसतोय हे लक्षात यायला त्याला थोडा वेळ लागला.

आईने पर्स उघडली. रुमाल बाजूला सारला, गोळ्यांची पट्टी बाजूला सारली आणि तळातून हातमोज्यांचा जोड काढला. तपकिरी, पातळ कातडी. बोटांच्या पेरांवर भोकं होती. तळव्यांवर चामडं काळं गुळगुळीत झालं होतं, आणि रिकामे असूनही ते मोजे काहीतरी गोल धरल्यासारखे वळलेलेच होते.

"हे कुठले?" मिस्त्रीने विचारलं.

"कॅन्टीनमधले," आई म्हणाली आणि तिने ते हातात चढवले.

तो उतरला. का उतरला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. बायकोने आईला स्टीअरिंगमागे बसवून सीट पुढे सरकवली, आईच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं, हनुवटीखालचा बंद आवळला. मिस्त्रीने गुडघ्यावर बसून आधी कमरेचा पट्टा ओढला, हाडांवर बसला का ते बघितलं, मग खांद्यांचे. प्रत्येक टोक पाहिलं. प्रत्येक बोल्टला पाना लावला. एकही जागचा हलला नाही. सकाळपासून नुसता वेळ काढायला म्हणून त्याने इतकं चोख काम केलं होतं. आता त्या प्रत्येक आट्याला तो मनातल्या मनात हात जोडत होता.

"पहिलं वळण दिसतं त्यापेक्षा तीव्र आहे, आई. सावकाश घे."

"हो हो. गोगलगायीला घाम फुटेल इतकं सावकाश."

ट्रॅकच्या फाटकावरच्या तपासनिसाने खिडकीतून हात घालून पट्टे ओढून पाहिले, मागे नळीपर्यंत नजर टाकली.

"झकास बसवलाय. मापाचा आहे अगदी," तो म्हणाला आणि बाजूला झाला.

गाडी निघाली. मिस्त्री भिंतीशी उभा राहिला. त्याच्या एका हातात आईची पर्स होती, दुसरा हात बायकोने धरला होता की त्याने तिचा, कोण जाणे. पहिल्या वळणापाशी त्याने डोळे मिटले. मग कानांनी पाहिलं. इंजिनाचा सूर उतरला, मध्येच एक छोटीशी उसळी, गियर खाली, पुन्हा उसळी, पुन्हा गियर. असं करायला शिकायला त्याला स्वतःला कित्येक सुट्ट्या लागल्या होत्या.

"अहो, डोळे उघडा," बायको त्याचा दंड हलवत ओरडली. "बघा तरी!"

त्याने उघडले. ट्रॅकच्या पार पलीकडच्या टोकाला, जिथे तो दर वेळी लवकर ब्रेक दाबायचा, तिथे काडेपेटीएवढी दिसणारी गाडी एका रेषेत वळली, बाहेर पडली आणि सरळ रस्त्याला लागून सुसाट पुढे गेली.

आणि मग, ती निघून गेलेल्या वळणावरून, मोकळं मैदान ओलांडत, धापा टाकत हॉर्न आला.