तिडोळ्याची शेपटी

थोरलीचा राग लहानपणापासून नाकाच्या शेंड्यावर असायचा, आणि गेले आठ दिवस तो तिथून उतरायलाच तयार नव्हता. आई धाकट्याकडे राहायला जाणार होती. थोरलीने आपल्या घरातली खोली रंगवून घेतली होती, आईला चढायला सोपं जावं म्हणून पलंगाचे पाय सुताराकडून कापून घेतले होते. आणि आईने एका वाक्यात निकाल लावला होता, की धाकट्याकडे लिफ्ट आहे. जन्मभर आईने त्याचीच बाजू घेतली, आणि आता म्हणे लिफ्ट. तो बुटका पलंग आता कुणाच्या कामाचा होता?

आईच्या दोन खोल्या आवरताना माळ्यावरून लहानपणीचा पत्र्याचा डबा खाली आला. झाकण गंजून बसलं होतं. सुरीच्या टोकाने ते उचकटलं, तर आतून रबराचा तोच जुना, गोडसर वास आला आणि थोरली हातातलं फडकं टाकून जमिनीवरच बसली. आत राक्षस होते. अंगठ्याएवढे, रबराचे, बिस्किटांच्या पुड्यात निघणारे. ढेरपोट्या, कानफाट्या, चिखल्या, आणि ज्याला कुणीच विचारत नसे तो बिचारा सोंडखाऊ. सगळी नावं दोघा भावंडांनी ठेवलेली. खाली रबरबँडात बांधलेली कार्डं. ती च्युइंगगमबरोबर मिळायची. प्रत्येक कार्डावर राक्षसाचं चित्र, त्याची शक्ती, त्याचा वेग आणि त्याचा दुष्टपणा. राक्षस आणि त्याचं कार्ड अशी जोडी ज्याच्याकडे, त्याचा रुबाब काय विचारता. जिन्याच्या पायऱ्यांवर बाजार भरायचा. एका चिखल्यासाठी दोन ढेरपोटे, आणि सौदा फिसकटला की आठवडाभर अबोला. थोरली त्या बाजारात कुणालाही पाणी पाजायची. मोठी पोरंसुद्धा तिच्याशी सौदा करायला बिचकायची.

दोघांचे राक्षस एकाच डब्यात राहायचे, म्हणून घरात एक कायदा होता. ज्याचा राक्षस, त्याने त्याची शेपटी चावायची. दाताची खूण उमटली की मालकी पक्की. अदलाबदल झाली, तर नव्या मालकाने जुन्या खुणेवर चावायचं. दोघांनीही हा कायदा प्राणापलीकडे पाळला होता. एक तिडोळ्या सोडून.

तिडोळ्या हा राक्षसांचा राजा. तीन डोळे, जाडजूड शेपटी, दुष्टपणा शंभरपैकी शंभर. अख्ख्या गल्लीत एकच निघाला, तोही थोरलीच्या पुड्यात. तिने तिथल्या तिथे त्याची शेपटी चावली. आणि मग एके दिवशी तो नाहीसा झाला. तिने घर पालथं घातलं, धाकट्यावर आळ घेतला, दोघांची जुंपली. काही दिवसांनी सकाळी उठून बघते, तर तिडोळ्या धाकट्याच्या मुठीत. कुठून आणलास विचारलं, तर म्हणतो, उशीखाली सापडला. उशीखाली! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. शेपटीवर खूण होती, पण ती कुणाची हे तेव्हा कुणाला वाचता येणार? आई मध्ये पडली, आणि शेवटी तिडोळ्या धाकट्याकडेच राहिला. थोरलीच्या हाती उरलं नुसतं कार्ड.

या गोष्टीला तीसेक वर्षं होऊन गेली. दोघांचे केस पिकायला लागले. पण आजही भांडणात थोरली हरायला आली, की तिडोळ्या बाहेर निघायचा. धाकटा कधी उलट बोलायचा नाही, नुसता गप्प बसायचा. त्या गप्प बसण्याने तर तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. अरे, एकदा म्हण ना बाबा, की घेतला होता. एवढंच तर हवं होतं तिला.

आता मात्र काळ बदलला होता. थोरली दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. दिवसभर लोकांच्या दातांचे प्लास्टरचे साचे हाताळून कुठला दात कुठे वळलाय हे तिला चाचपूनही कळे. धाकट्याच्या पुढच्या दातावरची कॅपसुद्धा तिनेच केलेली. तिने डब्यातून तिडोळ्या उचलला आणि रुमालात गुंडाळला. रबर आता दगडासारखं कडक झालं होतं आणि खूण त्यात जशीच्या तशी गोठली होती. आईला घेऊन जायला धाकटा रविवारी येणार होता. त्याच्या आत आईसमोर पुरावा ठेवायचा आणि म्हणायचं, बघ, कुणाची बाजू घेत आलीस ती.

लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत तिने दिव्याखाली भिंग धरलं. काय दिसणार हे तिला पाठ होतं. खाली तिची खूण. त्या वर्षी तिचा पुढचा एक दात पडलेला होता, म्हणजे मध्ये फट असणार. आणि त्यावर धाकट्याचे उंदरासारखे दुधाचे दात.

फट नव्हती. दुधाचे दातही नव्हते. खूण एकच होती, रुंद, मोठ्या माणसाची. पटाशीचे दात सरळ, आणि डावीकडचा सुळा रांग सोडून पुढे आलेला.

तो सुळा तिच्या ओळखीचा होता. समोरच्या फळीवरच होता. आईचे दात काढण्याआधी घेतलेला साचा तिने नियम मोडून ठेवून दिला होता, का ते तिलाही सांगता आलं नसतं. तिने साचा खाली घेतला आणि शेपटी दातांमध्ये बसवून पाहिली. चावीसारखी बसली. थोरली खुर्चीत मागे टेकली आणि तिला कुणाचा तरी भयंकर राग आला, फक्त तो कुणाचा हे ठरेना.

रविवारी सकाळी आई कपड्यांच्या घड्या घालत होती. कवळी वाटीत काढून ठेवलेली. थोरलीने तिडोळ्या तिच्यासमोर ठेवला आणि विचारलं, की हा तू का चावलास.

आईने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि बोळक्या तोंडाने चक्क हसली. मग सांगू लागली. थोरलीचा तिडोळ्या तिनेच केरात लोटला होता. कपाटाखालून केर काढताना दिसलाच नाही, कचऱ्याची गाडी गेल्यावर लक्षात आलं. मग शेजारपाजारच्या बायकांना सांगून ठेवलं, बिस्किटं आणून आणून स्वतः खाल्ली, शेवटी पलीकडच्या आळीतल्या शिंपिणीच्या पुड्यात एक निघाला. कोरा तिडोळ्या दिला असता, तर थोरलीने कायद्यावर बोट ठेवून हा माझा नव्हे म्हटलं असतं. म्हणून आईने त्याची शेपटी चावली आणि रात्री तिच्या उशीखाली ठेवला.

"माझ्या उशीखाली?"

"भिंतीकडच्या. तू रोज भिंतीकडे झोपायचीस. त्या रात्री तुम्ही भांडून जागा बदलल्यात, ते मला काय ठाऊक? अंधारात सरकवला आणि गेले."

"मग सकाळी का बोलली नाहीस?"

"तुम्ही एकमेकांच्या झिंज्या धरल्या होत्या. मी त्याला म्हटलं, ताईला दे. तर तूच ओरडलीस, चोराच्या हातचं मला नको. खरं सांगावं, तर केरात टाकला म्हणून तू माझ्यावर उलटली असतीस. म्हटलं, दोन दिवसांत विसराल."

"दोन दिवसांत," थोरली म्हणाली.

"विसरली नाहीस ती तू. प्रत्येक वेळी वाटायचं आता सांगावं, आणि प्रत्येक वेळी सांगणं आणखी अवघड होऊन बसायचं." आईने कवळी तोंडात बसवली, तेव्हा कुठे तिचा आवाज जागेवर आला. "आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला बोलायचं होतं मी?"

थोरली स्वयंपाकघरात गेली आणि रिकामी भांडी पोत्यात आदळू लागली. तीस वर्षं जपलेला राग, त्याला आता ठेवायला जागाच नाही. आईवर काढावा, तर ती बिचारी बिस्किटं खाऊन खाऊन शोधत फिरलेली. स्वतःवर काढावा, तर तशी सवय नव्हती. चोराच्या हातचं नको, हे आपण म्हटलं होतं हे ती साफ विसरली होती. सोयीचं तेवढं बरोबर लक्षात राहिलं होतं.

धाकटा नेहमीप्रमाणे उशिरा आला आणि नेहमीप्रमाणे शांत होता. त्याने ट्रंक दाराशी नेली आणि पाणी मागितलं. थोरलीने पेला दिला आणि दुसऱ्या हाताने तिडोळ्या पुढे केला.

तो पाहताच त्याचा चेहरा उतरला. "ताई, आजच्या दिवशी तरी नको."

"उशीखालीच सापडला होता तुला," ती म्हणाली. मग तिने सगळं सांगितलं, केर, शिंपीण, भिंतीकडची उशी. सांगताना तिचा आवाज चढलेलाच होता, कारण चूक कबूल करायचा दुसरा आवाज तिच्याकडे नव्हता.

धाकट्याने शेपटीवरच्या खुणेवरून बोट फिरवलं.

"आईने ठेवला होता होय," तो म्हणाला. "मला वाटायचं तूच ठेवलास."

"मी?"

"भांडण मिटवायला. सकाळी उशीखाली हात गेला, तर तिडोळ्या. म्हटलं, ताईने दिला. तुला दाखवायलाच मूठ पुढे केली होती, तर तू चोर म्हणून ओरडलीस. मला कळेचना, की देऊन वर चोर का म्हणतेस." त्याने पाणी न पिताच पेला खाली ठेवला. "म्हणून मी कधी चावला नाही. वाटलं, एखाद्या दिवशी नीट देशील, मग चावू."

बाहेर आई ट्रंकेवर बसून, टॅक्सी थांबलीये म्हणून हाका मारत होती. थोरलीने रबरबँड काढून गठ्ठ्यातून तिडोळ्याचं कार्ड शोधलं, तीस वर्षं फक्त तिचं असलेलं, आणि ते राक्षसाबरोबर त्याच्या तळहातावर ठेवलं.

"घे. आता देतेय. चाव."

"रबर दगड झालंय, ताई. तू केलेली कॅप तुटेल माझी."

"तुटली तर दुसरी करून देईन," ती डोळे पुसत खेकसली. "चाव म्हणते ना."