दुलईतलं पातेलं

"यंदा तू फक्त प्लेट्स आण," मोठ्या जाऊबाई फोनवर म्हणाल्या. मावशीने "बरं ताई" म्हटलं, फोन मशिनच्या फळीवर ठेवला आणि हातातली शिवण पुरी केली. दोरा तोडल्यावर मला म्हणाली, "प्लेट्स नेणारच. आणि कोशिंबीरही नेणार."

मावशीच्या सासरची मंडळी वर्षातून एकदा तलावाकाठच्या बागेत वनभोजनाला जमतात. प्रत्येक घराने एकेक पदार्थ न्यायचा. मावशीकडे उकडलेल्या बटाट्यांची दह्यातली गार कोशिंबीर. मागच्या वर्षी ती सगळ्यांनी बोटं चाटून खाल्ली आणि संध्याकाळपासून घरोघरी संडासापुढे रांगा लागल्या. ठणठणीत राहिली एकटी मावशी. त्यांच्याकडे रांधणारीने शेवटी जेवायचं असतं, आणि तिची पाळी येईपर्यंत पातेलं पुसून निघालं होतं.

धाकट्या दिराने कोशिंबिरीचं नाव जमालगोटा ठेवलं. ते तिने हसण्यावारी नेलं. पण मोठ्या जाऊबाई म्हणाल्या होत्या, "आम्हाला वाढलंस, स्वतः मात्र घासही घेतला नाहीस." तेव्हापासून त्यांनी या घरात पाऊल ठेवलं नव्हतं. मावशी लग्न होऊन आली, तेव्हा शिलाईच्या मशिनसाठी स्वतःच्या खोलीतला कोपरा रिकामा करून देणाऱ्या याच जाऊबाई. त्यांनी आपल्या हातचं पुन्हा खावं, एवढंच मावशीला हवं होतं.

काकांचं मत वेगळं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, प्लेट्स न्याव्यात, गप्प जेवावं, असं ते वर्तमानपत्राआडून म्हणाले.

"मूठ कधीच उघडी पडलीय," मावशी म्हणाली. "आता त्यात काय होतं ते तरी बघू."

मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नवीन लागले होते आणि मावशीकडेच राहत होते. दही आंबट नव्हतं, भांडं स्वच्छ होतं, मग बिघडलं कुठे, हे कोडं मलाही सुटत नव्हतं. मी तिला त्या दिवशी काय काय केलं ते सुरुवातीपासून सांगायला लावलं. सकाळी उठून बटाटे उकडले. घाई होती म्हणून कोमट असतानाच दह्यात कालवले. खोल पातेल्यात दाबून भरले. आणि ऊन लागू नये म्हणून पातेल्याला दुलई घातली.

ही दुलई म्हणजे मावशीचा अभिमान. ती गाद्या, उशा, दुलया शिवते. पातेल्याच्या मापाचा, आत जाड कापूस भरलेला, चौकटी टाके घातलेला तो अंगरखा तिने खास कोशिंबिरीसाठी शिवला होता. थंड राहावी म्हणून.

"दुलईने थंड केलं नाही ग," मी म्हटलं. मावशीने माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुढे बोलण्याऐवजी करूनच दाखवायचं ठरवलं. सुट्टीच्या दिवशी सकाळी आम्ही दोन सारखी पातेली घेतली, दोन्हींत कोमट बटाटे भरले, एकाला दुलई घातली, एक उघडं ठेवलं. दुपारच्या जेवणानंतर मी दोन्हींच्या मध्यभागी तापमापी खुपसली. उघडं पातेलं खोलीइतकं निवलं होतं. दुलईतलं अजून कोमटच होतं, म्हणजे जंतूंना वाढायला अगदी हवं तसं. मावशीचा तापमापीवर भरवसा बसेना. तिने बोट घालून पाहिलं आणि ते बराच वेळ पदराला पुसत राहिली.

"म्हणजे माझं शिवणकामच आडवं आलं."

मी म्हटलं, शिवण चांगली आहे म्हणूनच आलं. दुलई गारही करत नाही आणि गरमही करत नाही. आत जे असेल ते बाहेर जाऊ देत नाही.

"राखणदार आहे," ती म्हणाली. "आत चोर कोंडला तर चोरालाच राखणार." मग उठून कापसाची पिशवी ओढली. "टाकायची नाही ती. आत काय कोंडायचं, ते आपण ठरवू."

आदल्या दिवशी घरात दुसऱ्या कशाला जागा नव्हती. बटाटे दुपारीच उकडून मोठ्या ताटांत पसरले, पंख्याखाली निववले आणि फ्रीजमध्ये सरकवले. त्यासाठी काकांची लोणची, सरबतं आणि अर्धं कलिंगड बाहेर आलं. आपल्यालाही बाहेर काढणार का, असं त्यांनी विचारलं. तुम्ही मावत नाही म्हणून आधीच बाहेर आहात, असं मावशी म्हणाली. दही वेगळ्या डब्यात, काकडी वेगळ्या डब्यात. रिकामं पातेलंसुद्धा फ्रीजमध्ये. दुलईच्या आतून तिने कप्पे शिवले होते, त्यांत बर्फ झालेल्या पाण्याच्या बाटल्या उभ्या बसायच्या. सकाळी बटाटेही डब्यात भरले, सगळे डबे पातेल्यात रचले, दुलईचे बंद आवळले आणि काकांनी उगाच उघडून पाहू नये म्हणून बंदांना गाठी मारल्या.

पण गाडीत सगळ्यात आधी चढल्या त्या प्लेट्स. धुतलेल्या कापडात गुंडाळलेल्या, जास्तीच्या धरून. "सांगितलेलं काम आधी," ती म्हणाली. "बोट ठेवायला जागा नको."

बागेत टेबलं मांडून झाली होती. जाऊबाईंनी प्लेट्स घेतल्या आणि दुलईकडे पाहिलं. "हे सांगितलं नव्हतं."

"नाही ताई. हे माझं मी आणलंय."

धाकटा दीर म्हणालाच, जमालगोटा आला, बागेत सोय कुठे आहे ते आधी बघून ठेवा. सगळे हसले. मावशीही हसली, पण गाठी सोडणं थांबवलं नाही. सगळ्यांसमोर तिने थंडगार बटाटे पातेल्यात ओतले, काकडी घातली, दही घातलं, कालवलं. मग सरळ उभी राहिली.

"मागच्या वर्षी तुम्ही माझ्यामुळे आजारी पडलात. कोमट बटाटे बांधून आणले होते, मला कळलं नव्हतं. आज तसं नाही." आणि पहिली प्लेट तिने स्वतःला वाढून घेतली. रांधणारी सगळ्यांच्या आधी जेवते आहे, हे पाहून सासरच्या एक-दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. मावशीने शांतपणे प्लेट संपवली.

हळूहळू काहींनी वाढून घेतलं. दिरानेही, आधी बायकोला चाखायला लावून. जाऊबाई मात्र दुसऱ्या टोकाला पाणी देत राहिल्या. मावशीने त्यांना बोलावलं नाही.

उन्हं कलली, मुलं दमली, सामान आवरायला लागलं. पातेल्याच्या तळाशी थोडी कोशिंबीर उरली होती. तेव्हा जाऊबाई आल्या. हातात प्लेट होती.

"उरलीय का ग?"

मला वाटलं, झालं. वर्षभर ती याच वाक्याची वाट बघत होती. मावशीने चमचा उचलला. मग दुलईच्या कप्प्यात हात घातला. बाटल्यांतला बर्फ केव्हाच वितळला होता. तिने मला विचारलंही नाही.

"उरलीय. पण तुम्हाला नाही देणार."

जाऊबाईंचा चेहरा उतरला.

"सकाळपासून उघडझाप झालीय. आता तिचा भरवसा नाही," मावशी म्हणाली, आणि त्यांच्या देखत पातेलं कचऱ्याच्या डब्यात उपडं केलं. चमच्याने तळसुद्धा खरवडला.

जाऊबाई रिकामी प्लेट धरून बघत राहिल्या. मग ती त्यांनी बाजूला ठेवली, दुलई उचलली, आतले कप्पे उलटेसुलटे करून पाहिले, एक टाका नखाने ओढून पाहिला. तो हलला नाही.

"उद्या करशील?"

"करते. बटाटे घरी जाऊन लगेच उकडते. रात्रभर निवतील."

"दुपारी येते मग," जाऊबाई म्हणाल्या. "आणि आल्यावर मी आधी जेवणार नाही. तुझ्याबरोबर बसणार."

मावशी काकांना म्हणाली, "चला लवकर. फ्रीज रिकामा करायचाय."